एक पाटी, दोन माणसे

प्रेमानंद शांतवन खिल्लारे. जन्म १२ ऑगस्ट १९५७, कळमनुरी. मृत्यू १९ नोव्हेंबर २०२३, कळमनुरी. शिक्षण दहावी, नंतर तारतंत्री (वायरमन) अभ्यासक्रम. नोकरी चौतीस वर्षे, त्यांपैकी अखेरची बावीस वर्षे कयाधू नदीपलीकडच्या एका लहान वीज उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून. पश्चात पत्नी करुणाबाई.

एवढी नोंद चर्चच्या मंडळीच्या दफनपुस्तकात आहे आणि ती बिनचूक आहे. तिच्यात फक्त एक गोष्ट नाही. प्रेमानंद खिल्लारे चौदा वर्षे प्रभुभोजनाच्या पेल्याला शिवले नव्हते, आणि हे त्यांच्या पत्नीखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

असे लपवणे लहान मंडळीत सोपे नसते. कळमनुरीच्या त्या चर्चमध्ये रविवारी पन्नास-पंचावन्न माणसे जमत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले तबकातून बाकाबाकांवर फिरत आणि कोणी घेतले, कोणी नाही, हे सर्वांना दिसे. परंतु प्रेमानंदांनी ध्वनिक्षेपक, पंखे आणि इन्व्हर्टर यांची जबाबदारी आपण होऊन घेतली होती. तबक निघण्याच्या सुमारास ते उठत, दाराजवळच्या स्विचबोर्डापाशी जाऊन उभे राहत आणि एका बटनाकडे पाहत राहत. लोक म्हणत, खिल्लारे काका म्हणजे सेवेला वाहिलेला माणूस. भोजनाच्या वेळीसुद्धा बसत नाही. करुणाबाई हे ऐकत आणि मान खाली घालत.

या सगळ्याचे मूळ १३ मार्च २००९ या शुक्रवारात होते.

उपकेंद्राचा एक साधा नियम आहे. तारांवर काम करायचे असेल तर माणसाने आधी यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचे. यंत्रचालकाने ती लाइन बंद करायची, वहीत नाव व वेळ लिहायची आणि हँडलवर ‘काम चालू आहे’ अशी लोखंडी पाटी टांगायची. काम संपवून माणूस खाली उतरला की त्याने परमिट परत करायचे. मग पाटी काढायची आणि लाइन सोडायची, म्हणजे वीज पुन्हा चालू करायची. एकाच लाइनीवर दोन ठिकाणी माणसे चढली असतील तर दोन परमिटे, दोन नोंदी, दोन पाट्या. त्या उपकेंद्रात पाटी एकच होती. दुसरी मागवायची असे प्रेमानंदांच्या मनात तीन वर्षे होते.

त्या दिवशी दुपारी पावणेदोन वाजता चार जणांचा एक गट शेतीच्या लाइनीचे परमिट सही करून घेऊन गेला. पाटी टांगली गेली. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी लाइनमन नरसिंगचा फोन आला.

“प्रेमानंदभाऊ, शेती लाइन बंदच हाय ना?”

“बंद हाय. पाटी लावलीय.”

“मग मी बी चढून घेतो. इकडं तार निसटलीय खांबावरची. माझ्या नावानं परमिट धरा.”

“धरलं. चढ.”

“आन संध्याकाळी वहिनीला म्हणावं, चहात साखर टाकत जा. मागच्या खेपेला नुसतं कडू पाणी पाजलं.”

प्रेमानंद हसले. त्या वेळी ते तासाचे आकडे वहीत भरत होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि अर्धी ओळ सोडून दुसरीकडे लिहिणे त्यांना आवडत नसे. आकडे भरून झाले की नरसिंगची नोंद करू, असे त्यांनी ठरवले. पाटी तर लागलेलीच होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी चौघांचा गट परत आला. माणसे मोजली, सही तपासली, सर्व काही नियमाप्रमाणे झाले. प्रेमानंदांनी पाटी काढली आणि हँडल फिरवले. काटा झटकन वर गेला, धाडदिशी आवाज होऊन लाइन आपोआप बंद पडली आणि त्या एका क्षणात, फोन येण्याच्याही आधी, काय झाले हे त्यांना कळले. हातातली पाटी त्यांनी खाली ठेवली नाही. सायंकाळी कोणीतरी ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने वही उघडली. नरसिंगच्या नावाची ओळ नव्हती. नरसिंगचा मोबाइल त्याच्याबरोबर जळाला होता. अधिकाऱ्याने विचारले, “मयतानं परमिट मागितलं होतं का?”

प्रेमानंद म्हणाले, “न्हाई, साहेब.”

अहवालात लिहिले गेले: मयत कर्मचारी विनापरवाना खांबावर चढला. गावात त्याचे रूपांतर व्हायला आठवडाही लागला नाही. नरसिंग पिऊन चढला, असे लोक बोलू लागले. नरसिंग आयुष्यात कधी प्यायला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रेमानंद नेहमीच्या बाकावर बसले होते. तेव्हाच्या वृद्ध पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, रिवाजाप्रमाणे इशारा वाचला, की अयोग्य रीतीने जो या पेल्यातून पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. तबक पुढे आले. प्रेमानंदांनी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. लाल रसाचा तो चमचाभर पेला त्यांना पेला वाटलाच नाही. ज्या तारेवर अजून माणूस आहे अशी तार त्यांना तिथे दिसली. अशा तारेत वरून सोडलेली वीज काय करते हे त्यांनी खांबाखाली जाऊन पाहिले होते. कृपा वरून येते, असे लहानपणापासून ऐकलेले. ती आपल्यावर आली तर आपला कोळसा होईल, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढच्या महिन्यापासून ते स्विचबोर्डापाशी उभे राहू लागले.

ही भीती वयाबरोबर निवळली नाही. २०१५ साली ते निवृत्त झाले तरी घरातला दिवा लावताना त्यांचा अंगठा बटनावर अडखळे. करुणाबाईच पुढे होऊन तो लावत. नरसिंगची विधवा सोजराबाई सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला, माहेरी राहायला गेली होती. हिंगोलीच्या बाजारात एकदा ती समोरून येताना दिसली तेव्हा प्रेमानंद भाजीची पिशवी तिथेच टाकून दुसऱ्या गल्लीत शिरले आणि एका दुकानाच्या शटराआड अर्धा तास उभे राहिले. भूकंपाचे हलके धक्के त्या भागात अधूनमधून बसतात. इतर लोक अंगणात जमून गप्पा मारत. प्रेमानंद मात्र भिंतीला टेकून, ओठ हलवत, कोणाची तरी वाट पाहावी तसे बसून राहत.

जानेवारी २०२३ मध्ये छातीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले, तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल. तारीख ठरली: ९ फेब्रुवारी, गुरुवार.

मंडळीचे पाळक आता तरुण होते. भीमराज त्यांचे नाव. वडील बौद्ध, आई ख्रिस्ती. मुलाचे नाव वडिलांनी ठेवले आणि उपासनेला आई नेत असे, यात त्या घराने कधी अडचण मानली नव्हती. शस्त्रक्रियेपूर्वी आजाऱ्याला घरी प्रभुभोजन द्यावे म्हणून ते १ फेब्रुवारीला दुपारी लहान पेटी घेऊन आले. पेटीतून पेला काढून त्यांनी पाटावर ठेवला.

“ते आत ठेवा, पाळकसाहेब,” प्रेमानंद म्हणाले.

“काका, घाबरू नका. शस्त्रक्रिया आता रोजच्या झाल्यात.”

“शस्त्रक्रियेला कोण घाबरून राहिलंय? मी त्या पेल्याला घाबरतो.”

करुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “सांगा हो आता,” त्या म्हणाल्या. “चवदा वर्षं मी एकटीनं हे वागवलंय.”

मग प्रेमानंदांनी सांगितले. वेळांसह, क्रमवार, जणू लॉगबुक वाचून दाखवत होते. दोन पंचवीस. तीन पाच. “न्हाई, साहेब” या शब्दांपाशी येऊन ते थांबले.

“देवाला क्षमा मागितली?” पाळकांनी विचारले.

“रोज मागतो. पण नरसिंगचं परमिट अजून माझ्याकडंच हाय, साहेब. ते परत करायला माणूसच न्हाई. परमिट परत आल्याबिगर लाइन सोडता येत न्हाई. हा नियम मी एकदा मोडला. आता देवानं बी मोडावा म्हणता?”

भीमराज थोडे पुढे सरकून बसले. “तुमच्या खात्यात काका, आधी लाइन मोकळी करतात आन मग वीज सोडतात,” ते म्हणाले. “आमच्या प्रभूनं तसं केलं न्हाई. आपली लाइन मोकळी होईपर्यंत तो थांबला न्हाई. क्रुसाच्या चालू तारेवर तो स्वतः चढला. त्याच्यासाठी कुणी पाटी लावली नव्हती. जे जळायचं ते तिथं जळून गेलंय.”

“मग सोजराबाईकडं जायची गरज न्हाई म्हणता?”

“गरज हाय. पण क्षमा मिळवायला न्हाई. मिळाली म्हणून जायचं.”

प्रेमानंदांनी पाटावरच्या पेल्याकडे पाहिले. “समजलं,” ते म्हणाले. “पटलं न्हाई. मी आधी जाऊन येतो.”

पाळकांनी आग्रह केला नाही. त्यांनी पेला पेटीत ठेवला आणि एवढेच विचारले, “संगं येऊ?”

“नको. परमिट मी धरलं व्हतं.”

३ फेब्रुवारीला सकाळच्या एसटीने ते निघाले. डॉक्टरांनी प्रवास करू नये असे बजावले होते. हिंगोलीला गाडी बदलली. सेनगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली शेते होती, आणि शेतांवरून विजेच्या तारा गाडीच्या बरोबरीने पळत होत्या. प्रेमानंदांनी मान खाली घातली. त्यांना मार खाण्याची भीती वाटत होती. पोलिसांची वाटत होती, मुकाट्याने दार लावून घेतले जाईल याचीही वाटत होती. आणि या सर्वांपेक्षा मोठी भीती वाटेत मरण्याची: न सांगता, न पिता, चौदा वर्षांपूर्वीची ती ओळ कोरी ठेवून.

सोजराबाई अंगणात सुपाने तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते, पण हात तसेच चपळ होते.

“अगं बया! प्रेमानंदभाऊजी!” ती उठली. “वाट चुकलाव का काय? का आमच्या शेतातली लाइट जोडाया आलाव? आठ दिस झाले गेलीय. आता तर म्हातारं माणूस धाडायलेत, म्हणजे जोडलीच म्हणायची!”

“वहिनी, बसा. मला एक सांगायचंय.”

“बसते की. आधी चहा टाकते. करुणावहिनी बऱ्या हायत ना? साखर लागती का अजून, का डाक्टरनं बंद केली?”

साखर हा शब्द ऐकून प्रेमानंद ओसरीच्या कडेला बसले. आत भिंतीवर नरसिंगचे छायाचित्र होते, खात्याच्या ओळखपत्रावरून मोठे केलेले. त्याच्याकडे न पाहता त्यांनी सांगून टाकले. या वेळी क्रम राहिला नाही. शेवट आधी आला, चौदा वर्षे न शिवलेला पेला मधेच, आणि फोन मागून.

सोजराबाईच्या हातातले सूप तिच्या मांडीवर होते. ते तिने खाली ठेवले.

“त्यानं इचारलं व्हतं?” तिने विचारले.

“इचारलं व्हतं.”

“आन तुमी चढ म्हणालाव.”

“व्हय.”

“चवदा वर्षं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि प्रेमानंदांना त्याचीच अधिक भीती वाटली. “चवदा वर्षं मी त्या फोटोला शिव्या घालून राहिले. काहून चढलास न इचारता? तुला घाई काहून? लेकराबाळांचा इचार काहून केला न्हाईस? सणाचा निवद दाखवला तरी शिवी देऊन दाखवला. माझ्या ज्योतीला सासरी बेवड्याची लेक म्हणत्यात. मी म्हणायची, ऐकून घे माय, बापानंच तसं केलं.” ती थांबली. “ते मी आता कसं परत घेऊ, भाऊजी? सांगा की. तुमाला लई नियम ठाऊक हायत.”

प्रेमानंदांच्या छातीत कळ उठली. त्यांनी खिशातली गोळी काढली, पण ती बोटांतून निसटून मातीत पडली. सोजराबाईने ती उचलली, पदराने पुसली आणि माठातले पाणी तांब्यात आणून समोर ठेवले.

“घ्या. हितं मरू नका. तुमाला अजून काम हाय.”

गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग म्हणाली, “उठता येतं का?”

“येतं.”

“मग चला.”

पारापाशी एक चहाचे दुकान होते. सात-आठ माणसे बाकड्यांवर बसली होती. त्यांतला कोंडीबा हा नरसिंगचा चुलतसासरा; नरसिंग पिऊन चढला ही गोष्ट गावात रंगवून सांगण्यात त्याचा हातखंडा होता. सोजराबाई सर्वांच्या समोर उभी राहिली.

“कोंडीबातात्या, ह्ये माझ्या मालकाच्या कामावरचे. त्यांना काय सांगायचंय ते ऐका.”

“कोण, लाइटवाले?” कोंडीबा हसला. “सांगा सांगा, लाइट कधी येतीय?”

प्रेमानंदांनी त्या चेहऱ्यांकडे पाहिले. कोणाच्या हातात काठी होती, कोणाच्या कुऱ्हाड. सगळे शेताकडे निघालेले. पळून जायचे तर एसटी दुपारी होती. स्विचबोर्ड कुठेही नव्हता.

“नरसिंगनं परमिट मागितलं व्हतं,” ते म्हणाले. “मी दिलं व्हतं. तो प्यालेला नव्हता. त्याची चूक काडीची नव्हती. लाइन मी सोडली. चौकशीत मी खोटं बोललो.”

कोणी काठी उचलली नाही. चहावाल्याने उकळता चहा खाली उतरवायचे विसरून तो उतू जाऊ दिला. कोंडीबाने टोपी काढून तोंडावरून फिरवली आणि ती पुन्हा डोक्यावर ठेवण्याऐवजी मांडीवर धरून बसला.

“हेच लिहून द्या,” सोजराबाई म्हणाली. “तुमच्या हापिसात बी द्या. आन एक कागद मला. ज्योतीच्या सासरी दावायचाय.”

“देतो. वहिनी…” प्रेमानंदांनी हात जोडले. “माफी…”

“ते इचारू नका.” तिने त्यांना पुढे बोलू दिले नाही. “तुमच्या देवानं केली आसंल तर त्यानं केली. त्याचं मन मोठं आसंल. मी सोजरा हाय. जावा आता, गाडी चुकंल.”

५ फेब्रुवारी हा महिन्याचा पहिला रविवार होता. प्रेमानंद चर्चमध्ये करुणाबाईंच्या शेजारी, बाकावर बसले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होते की सोजराबाईकडून आल्यावर भीती जाईल. ती गेली नव्हती. उलट आता त्यांच्या हातात काहीच उरले नव्हते. परमिट परत झाले नव्हते. ज्या बाईने ते परत करायचे तिने नकार दिला होता, आणि तो नकार तिचा हक्क होता हे ते जाणून होते. नियमाप्रमाणे पाहिले तर लाइन आजही मोकळी नव्हती. मोकळी करणे आपल्या हातचे नाही, कधी नव्हतेच, हे त्या सकाळी त्यांना प्रथम पटले. पाळक बुधवारी जे बोलले त्याचा अर्थ हाच होता, आणि तो कळण्यासाठी साखऱ्याला जाऊन रिकाम्या हाताने परतावे लागले होते.

तबक आले. भीमराजांनी ते स्वतः आणले होते आणि ते बाकापाशी उभे होते.

प्रेमानंदांनी डोळे मिटले, हँडल फिरवण्यापूर्वी जसा श्वास रोखत तसा रोखला आणि पेला ओठांना लावला. अर्धा रस सदऱ्यावर सांडला. उरलेला गिळला. नंतर ते कितीतरी वेळ बाकाची कड धरून, काहीतरी कोसळण्याची वाट पाहत बसले. काही कोसळले नाही. करुणाबाईंनी रुमालाने सदरा पुसला आणि हलकेच म्हणाल्या, “झालं हो. डोळे उघडा.”

सोमवारी त्यांनी जबाब स्वच्छ अक्षरात तीन प्रतींत लिहिला, कार्यालयात दाखल केला, पोच घेतली. गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. ते त्यानंतर नऊ महिने जगले. या काळात सहा वेळा त्यांनी प्रभुभोजन घेतले आणि करुणाबाई सांगतात की सहाही वेळा त्यांचा हात कापत होता.

उरलेल्या बाबी अशा. कार्यालयाकडून ऑगस्टमध्ये दोन ओळींचे पत्र आले: जबाबाची नोंद घेण्यात आली असून मयत कर्मचाऱ्याच्या नावापुढील ‘विनापरवाना’ हा शेरा रद्द करण्यात येत आहे. त्याची प्रत सोजराबाईला पोहोचली. तिने ती चौकटीत बसवून नरसिंगच्या छायाचित्राखाली लावली आहे. जबाबाचा कागद ज्योतीच्या सासरी आहे. प्रेमानंदांवर खटला झाला नाही. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे सोजराबाईच्या हाती होते आणि तिने केली नाही. का केली नाही, हे तिने कोणाला सांगितलेले नाही.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी ती साखऱ्याहून एकटीच आली. घरात प्रार्थना चालू होती, म्हणून बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. माणसे पांगल्यावर तिने करुणाबाईंना विचारले, “ते पेल्याचं… प्याले का मग शेवटी?”

“प्याले.”

“भिऊन?”

“भिऊनच. पण प्याले.”

सोजराबाईने मान हलवली. करुणाबाईंनी चहा केला. साखर दोन चमचे जास्त घातली. सोजराबाईने तो घोटभर चाखला, क्षणभर थांबली, आणि सगळा प्यायली. मग कप विसळून पालथा घातला आणि गाडीच्या वेळेला उठली.

माफीचा शब्द ती त्या दिवशी बोलली नाही, आजवर बोललेली नाही, आणि करुणाबाईंनी तो मागितलेला नाही. तेवढे देणे राहिले आहे.